लुंगीतली सभा, स्कर्टवरचा ठराव

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, बातमी मात्र हमखास उतरते. आमच्या बी विंगमधल्या पोराने स्कर्ट घातला. पायघोळ, सुती, दोन्ही बाजूंना खिसे, आणि आजीच्या मशीनवर पायडल मारून स्वतः शिवलेला. पोरगा स्टेशनच्या पुलावर पोचायच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संस्कृती बुडाली होती.

रविवारी तातडीची सभा बोलावली. सेक्रेटरी काका अध्यक्षस्थानी होते, चौकड्याच्या लुंगीत. उकाडा मरणाचा, म्हणून लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ‘पुरुषाने पुरुषासारखं राहावं,’ काका गरजले. खजिनदार पूजा आटोपून सोवळ्यातच आले होते. त्यांनी एका हाताने निऱ्या सावरत दुसऱ्या हाताने अनुमोदन दिलं. पुरुषार्थाचा हा ठराव मांडणाऱ्या दोघांच्या चार पायांपैकी एकही पाय पँटच्या नळीत नव्हता, याची इतिवृत्तात नोंद नाही. नोंद मीच घेतो.

तेवढ्यात पोराच्या आजींनी बालगंधर्वांचं नाव काढलं. सगळ्यांचे हात भक्तिभावाने कानाच्या पाळीला गेले. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, नेसतील तशी साडी आणि घालतील तसे दागिने हवेत, असा हट्ट त्या काळी घरंदाज बायका धरायच्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. हे केशवरावही आधी ‘शारदा’ म्हणून गाजलेले! म्हणजे स्वराज्याला पदर चालला, सोसायटीला घेर चालेना. पुढे १९६४ साली सरकारने बालगंधर्वांना पद्मभूषण दिलं. त्यांना कुणी नोटीस पाठवल्याचं ऐकिवात नाही.

आजी थांबेनात. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, तारामती झाले ते अण्णा साळुंके. मूळचे हॉटेलातले आचारी. ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. आपणच हरवायचं आणि आपणच आपल्याला शोधत रानोमाळ हिंडायचं!

‘आजी, ते नाटक-सिनेमात हो,’ काका म्हणाले. म्हणजे नियम असा ठरला: तिकीट लावलं तर कला, फुकट घातलं तर थेरं. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि सचिनची सुधा अख्खी कमिटी पोट धरधरून पाहते, डायलॉग पाठ म्हणते. पण पार्वती जिन्यात भेटता कामा नये.

मग कुणीतरी शिवणकामावर घसरलं. सुई-दोरा बायकी! हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या सौभाग्यवतींचा ब्लाऊज नाक्यावरचे मास्टर शिवतात, त्यांची स्वतःची जीन्स उल्हासनगरच्या कुठल्याशा कारखान्यात एखाद्या पुरुषानेच शिवलेली असणार. पुरुषाने शंभर जणांचे कपडे शिवले तर तो धंदा, स्वतःचा एक शिवला की लक्षण ठीक नाही. गृहस्थांच्या शर्टाचं दुसरं बटण मात्र तेव्हा दोऱ्यावर लोंबकळत होतं. सौभाग्यवती माहेरी गेल्या आहेत. बटण त्यांची वाट पाहत आहे.

पोरगा इतका वेळ गप्प होता. ‘काय रे, हे सगळं कशासाठी?’ असं विचारल्यावर म्हणाला, ‘हवा लागते, काका.’ यावर सभेत कुजबुज झाली, कारण मुद्दा सगळ्यांनाच पटला होता.

शेवटी ठरावाचा मसुदा झाला: आवारात पुरुष सभासदांनी घेरदार वस्त्र नेसू नये. लगेच दुरुस्त्या आल्या. लुंगी वगळून. सोवळं वगळून. अंघोळीनंतरचा टॉवेल वगळून. एका उत्साही सभासदाने फडके रोडवरच्या पाडव्याच्या शोभायात्रेसाठी घेतलेलं इलॅस्टिकचं रेडिमेड धोतरही वगळून घेतलं. वगळता वगळता ठरावात फक्त बी विंगचा फ्लॅट उरला. तेव्हा मतदान पुढच्या सभेवर गेलं.

सभा पांगल्यावर सेक्रेटरी काकांनी पोराला लिफ्टपाशी गाठलं. ‘तो खिसा शिवणीत कसा बसवलास रे? मोबाइल राहतो ना नीट? माझ्या दोन लुंग्या आहेत. संध्याकाळी आणून देतो. पिशवीतून आणतो.’