कळवलं. पुढे काय?

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी तापाच्या रुग्णांच्या अंगावरच्या गाठी पाहिल्या, प्लेग ओळखला आणि महापालिकेला बजावून सांगितलं. ना पोर्टल होतं, ना ओटीपी. तरी निरोप पोचला.

आज कायदे भरपूर. क्षयरुग्ण कळवणं २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक. कळवलं तर पाचशे रुपये. नाही कळवलं तर २०१८च्या अधिसूचनेनुसार तुरुंगाची तरतूद. दाम झाला, दंडही झाला. वेळ कोण देणार?

रात्रीचे नऊ. दवाखान्यात बाकं भरलेली. क्षय कळवायला ‘निक्षय’ पोर्टल, डेंग्यू-कावीळ-पटकीसाठी ‘आयएचआयपी’ हे दुसरं. एकट्या डॉक्टरने तपासायचं कधी आणि टाइप करायचं कधी?

लॅबचा रिपोर्ट रुग्णाच्या मोबाइलवर मिनिटात येतो. तोच त्याच क्षणी आरोग्य विभागाकडे का जाऊ नये? लॅबने एकदा टाइप केलेलं डॉक्टरने पुन्हा कशाला टाइप करायचं?

झटपट किटवर डेंग्यू पॉझिटिव्ह आला, तरी सरकारी आकड्यात तो संशयितच. पक्का ठरायला एलायझा चाचणी हवी. मोजणीसाठी हे बरोबरच आहे. पण गल्लीतली पिंपं आणि कुंड्या तपासायला संशयित पुरेसा आहे.

डास रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

एका दवाखान्यात जुलाबाचा एक रुग्ण म्हणजे रोजचीच गोष्ट. पण एकाच वस्तीतल्या दहा दवाखान्यांत त्याच दिवशी तीन-तीन आले तर? पाण्याच्या पाइपात गटार शिरलं असू शकतं. हे दहांपैकी एकाही डॉक्टरला एकट्याने दिसणार नाही. पुण्यात जानेवारी २०२५मध्ये जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम) रुग्ण एकदम वाढल्याचं रुग्णालयांतून कळलं, म्हणून तर सिंहगड रस्त्याच्या पाण्याकडे नजर वळली. तो आजार मोठा, काही रुग्ण थेट आयसीयूत, म्हणून कळला. साध्या जुलाबाचं कोण कळवतं?

आणि का कळवावं? कळवल्यावर पुढे काय झालं, हे डॉक्टरला कोणी सांगतच नाही. आपली माहिती फायलीत पडते, असं वाटलं की माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो. याला आळस म्हणणं अन्याय आहे.

वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याने चोवीस तासांत उलट एक मेसेज करावा : तुमच्या रुग्णाच्या इमारतीत पथक जाऊन आलं, गच्चीवरच्या टाकीत अळ्या सापडल्या, शेजारी आणखी दोघांना ताप आहे. असा मेसेज आलेला डॉक्टर पुढचा रुग्ण त्याच रात्री कळवेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक वॉर्डात एक जबाबदार माणूस आणि सुट्टीच्या दिवशीही उचलला जाणारा फोन लागतो.