डिपर मारणाऱ्या भाऊंना खुलं पत्र

श्री. डिपरवाले भाऊ यांस,
मुक्काम प्रकाशा-नंदुरबार रस्ता, वेळ दिवेलागणीची.

सा. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपली गाठ पडली, ती जेमतेम अर्ध्या मिनिटाची. मी शहाद्याहून प्रकाशाला आलो, तापीचा पूल केला आणि नंदुरबारकडे निघालो होतो. आपण समोरून येत होतात. आपण दोनदा डिपर मारलात, हात वर करून स्वतःच्या डोक्यावर टपल्या मारून दाखवल्यात आणि जवळून जाता जाता अहिराणीत ओरडलात, ‘पुढे पोलीस शेतस भो, घाली ल्या!’ माझ्या डोक्यावर हेल्मेट होतंच, पण अंधारात ते आपल्याला दिसलं नसावं. भावना पोचली. माझ्या आगेमागे चाललेल्या मोटारसायकली भराभर कडेला झाल्या. कुणी टाकीवरून, कुणी आरशावरून, कुणी मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवरून हेल्मेट उचललं. एकाने तर पट्टा न लावता, माठावर झाकण ठेवावं तसं ते डोक्यावर नुसतं ठेवलं. नाकाबंदीवर सगळे सज्जन नागरिक ठरले. दोन शेतं मागे पडली आणि हेल्मेटं आपापल्या मूळ जागी परतली.

आणि त्याच्याही पुढे, वळणाच्या अलीकडे, उसाची ट्रॉली उभी होती.

तिचं वर्णन आपल्याला सांगायला नको, कारण आपण तिला वळसा घालूनच आला होतात. तरी वाचकांसाठी सांगतो. चाक बसलेलं, ट्रॅक्टर सोडून नेलेला, अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाल फडक्याची चिंधीसुद्धा नाही. खबरदारी म्हणून दोन दगड आणि बाभळीची एक फांदी टाकलेली, तीही ट्रॉलीला इतकी चिकटून की फांदी दिसेपर्यंत माणूस उसात गेलेला असायचा. उसाचे बुंधे मागे हातभर बाहेर आलेले, बरोबर मोटारसायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीवर. मागून येणाऱ्या एसटीच्या उजेडात ती मला दिसली, म्हणून हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.

भाऊ, पोलिसांची खबर आपण दिलीत. ट्रॉलीची नाही.

हा हिशेब मला अजून लागत नाही. पोलीस काय करणार होते? पावती फाडणार होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ड हेल्मेट नसल्याबद्दल हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित करायला सांगतं. म्हणजे झळ फार तर खिशाला आणि लायसन्सला. ट्रॉली काय करणार होती, ते सांगत बसत नाही. पण ज्याच्यापासून जीव जाऊ शकतो त्याच्याबद्दल आपण मौन पाळलंत, आणि ज्याच्यापासून खिसा हलका होतो त्याच्यासाठी दिवे मिचकावलेत, हातवारे केलेत, बोंब ठोकलीत. अक्राणीच्या पाड्यांत मोबाइलला रेंज मिळायची मारामार, पण ‘पुढे पोलीस शेतस’ हा निरोप प्रकाशापासून अक्कलकुव्यापर्यंत एका टॉवरशिवाय जातो. कुठल्याही सरकारी खात्याला जमणार नाही अशी ही यंत्रणा आपण बिनपगारी, बिनभत्त्याची चालवता. तिचा उपयोग कशासाठी होतो, याचंच तेवढं वाईट वाटतं.

आपली बाकीची कारणं मला पाठ आहेत. उन्हाळ्यात डोकं शिजतं. (मे महिन्यातलं नंदुरबारचं ऊन मी नाकारत नाही.) मागचा हॉर्न ऐकू येत नाही. केस जातात. लग्नाला फेटा बांधून जायचं असतं. आणि सगळ्यांत राजेशाही कारण, ‘इथंच तर जायचंय.’ यांतल्या एकालाही उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

त्या बाबतीत पुणेकर बरे. त्यांनी हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती काढली, मोर्चे काढले, आयुक्तांना निवेदनं दिली. आम्हाला नको म्हणून चारचौघांत सांगितलं. चुकीचं का होईना, तोंडावर सांगितलं. आपला विरोध मात्र फक्त डिपरने. सरकारनेही आपल्याशी धड भांडण कधी केलं नाही म्हणा. जुलै २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं, पंपवाल्यांनी हात वर केले आणि थोड्याच दिवसांत तो हुकूम गुंडाळला गेला. शेजारी गुजरातने डिसेंबर २०१९ मध्ये शहरांत हेल्मेटची सक्तीच उठवली, आणि पुढच्याच महिन्यात प्रकरण हायकोर्टात गेल्यावर ‘आम्ही तसं म्हणालोच नव्हतो’ असा पवित्रा घेतला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरतेत कडक अंमल सुरू झाला. तेव्हापासून इकडचीच पोरं, जी शहाद्याच्या बाजारात उघड्या डोक्याने हिंडतात, ती उधन्याला कामावर जाताना मुकाट हेल्मेट घालतात. नवापूरच्या स्टेशनातून राज्याची हद्द जाते, अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. कवटी मात्र त्या पोरांची दोन्हीकडे तीच असते, असा माझा समज आहे.

आता आपल्या हेल्मेटबद्दल. मी ते नीट पाहिलं. पट्टा कोपरात अडकवलेला, काच वर, आणि आतल्या मऊ गादीवर दुकानातलं प्लॅस्टिकचं वेष्टण अजून तसंच. याचा अर्थ वस्तू घेतलीत, सांभाळलीत, सोबत वागवलीत. फक्त वापरली नाहीत. आपला कोपर आज जिल्ह्यातला सर्वांत सुरक्षित कोपर असेल. हेल्मेटच्या कडक कवचाखाली थर्मोकोलचा जाड थर असतो. डोकं आपटलं की तो चिरडतो, आणि चिरडताना धक्का स्वतः खातो, म्हणून धक्का मेंदूपर्यंत कमी पोचतो. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये म्हणतात ते त्यामुळेच. आतला थर एकदाच मरतो आणि आपल्याऐवजी मरतो. कोपरावर त्याला हे काम करता येत नाही. आणि आपलं ते निदान खरं आयएसआय शिक्क्याचं दिसलं. १ जून २०२१ पासून बिगरशिक्क्याचं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेल्या, स्टिकर चिकटवलेल्या टोप्या आपण पाहिल्याच असतील. त्यांच्याविषयी एक वेगळं पत्र लिहावं लागेल.

हे काही नवीन ज्ञान नाही. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या माराने सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे महायुद्धात लष्कराच्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले आणि ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य माणसाला सक्ती व्हायला तिकडेही १९७३ उजाडलं. तेव्हा आपणच एकटे हट्टी आहोत, असं समजून फुशारू नका. जगभरचे अभ्यास एकत्र करून जे आकडे काढले गेले, ते सांगतात की हेल्मेटने डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मरणाचा सुमारे ४२ टक्के कमी होतो. राहिलेल्या टक्क्यांचं काय, असं विचारणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांना विचारून छत्री घ्यायची म्हटली तर पावसाळाभर भिजावं लागेल.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली ३५,६९२ चालवणारी होती. उरलेली १४,३३७ मागे बसलेली.

मागे बसलेली, भाऊ.

आता हे अहोजाहो पुरे. अरे बाबा, तुझ्या मागे तुझी बायको एका अंगाला पाय टाकून बसली होती. एका हाताने सीटची कड धरलेली, दुसऱ्या हातात पोर, पोराच्या डोक्यावर लोकरीची टोपी. पदर वाऱ्यावर, चाकापासून वीतभर. तिला हेल्मेट नव्हतं. तुझं होतं, ते तुझ्या कोपरावर! तुला ऊन लागतं, तुझे केस जातात, तुला हॉर्न ऐकू येत नाही. तिला कुणी विचारलं होतं? ती तर हँडलही धरत नाही, ब्रेकही तिच्या हातात नाही, खड्डा दिसला तर सावरायलाही तिला जागा नाही. गाडी चुकवायचा निर्णय तुझा, न चुकवल्याची शिक्षा तिची. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं असं कायदा सांगतो. त्याहून लहान पोराला पट्ट्याने बांधून, त्याच्या मापाचं हेल्मेट घालून, चाळिसाच्या आत गाडी चालवायची असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आणि तू एका हाताने डिपर मारत होतास, दुसरा हात डोक्यावर. मग हँडलवर कोण होतं रे?

असो. पत्र आहे, आवाज चढवून उपयोग नाही.

खरं तर तसल्या पोराच्या मापाचं हेल्मेट तळोद्याच्या नाहीतर धडगावच्या बाजारात मागून पाहिलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहील. नवीन गाडीबरोबर एक हेल्मेट द्यायचं, असं मोटार वाहन नियमांत केव्हाचं लिहिलंय, आणि जून २०२५ मध्ये दोन द्यायचा मसुदाही निघाला. कागदावर आपल्या बायकोचंही डोकं झाकलं गेलं आहे. शोरूमच्या काउंटरवर मात्र ते हेल्मेट बहुतेकदा ‘अॅक्सेसरीज’च्या बिलात जातं आणि घासाघीस सुरू झाली की पहिलं तेच उडतं.

आणि पोलीसच का, ट्रॉली का नाही, हेही आता थोडं थोडं कळू लागलंय. या रस्त्यावर सरकार म्हणून आपल्याला भेटतं ते कोण? खड्डा बुजवायला कुणी येत नाही. दिवा लावायला कुणी येत नाही. साखर कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रभर वाहत असतात. त्यांना मागे लाल पट्टी लावा म्हणून कुणी अडवत नाही. अडवलं तरी कुणाला, चाक बदलायच्या खटपटीत त्याच ट्रॉलीखाली निजलेल्या मजुराला? सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका माणसाला आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघावं लागलं, आणि ती वाटेत गेली. तिथं तेव्हा कुणीच डिपर मारायला नव्हतं. अशा जिल्ह्यात ठरल्या वेळी, ठरल्या वळणावर, न चुकता हजर असलेलं सरकार एकच, हातात पावतीचं मशिन घेतलेलं. माणूस ज्याचा अनुभव येतो त्यालाच भितो. हजार रुपये म्हणजे रोजंदारीवाल्याची तीन-चार दिवसांची कमाई, आणि ती जाताना डोळ्यांनी दिसते.

हेही ठाऊक आहे की घाटात कुणी पडलेलं दिसलं तर पहिली गाडी आपलीच थांबते. आपणच गळ्यातला रुमाल काढून जखमेवर दाबता, आपणच त्याच्या खिशातून मोबाइल काढून ‘घरचे’ नावाचा नंबर शोधता, आपणच दोघांच्या मध्ये त्याला बसवून दवाखान्यापर्यंत आणता. पण डोक्याला मार असला की तिथून पुढचा रस्ता आपल्यालाही माहीत आहे. धुळे, नाहीतर सुरत. शे-दीडशे किलोमीटर ॲम्ब्युलन्समध्ये, कानातून रक्त येत असलेला माणूस, बाजूला घरातला एक जण आणि त्याच्या हातात शेत गहाण टाकायला कुणाला फोन करायचा याची यादी. आपण असे प्रवास पाहिलेत. तरीही दुसऱ्या दिवशी हेल्मेट कोपरावर कसं येतं, हे मला एकदा समजावून सांगा. खरंच विचारतोय, चिडून नाही.

एक मागणं आहे. डिपर बंद करू नका. ती यंत्रणा मोडणं हा गुन्हा ठरेल. फक्त बातमी बदला. वळणावर ट्रॉली आहे, पुलावर गाय बसलीय, घाटात दगड आलाय, डांबर संपून खडी लागतेय, ट्रक लाइट बंद करून उभा आहे. यांतल्या कशासाठीही दोनदा डिपर मारा आणि तसंच अहिराणीत ओरडा. पोलिसांची बातमी दिली नाही तर काय होईल? काही जणांना पावती मिळेल. त्या पावतीला घाबरून एखादा तरी पूर्ण रस्ताभर हेल्मेट घालील, कारण पुढच्या वळणावर कोण उभं आहे ते त्याला माहीत नसेल. आपण सगळ्यांना वेळेवर सावध करता, म्हणून तर सगळे दोन शेतांपुरतं घालतात.

आणि आपलं हेल्मेट नकोच असेल, तर ते मागे द्या. मापाला थोडं सैल होईल, पट्टा आवळता येतो. आतलं प्लॅस्टिक तेवढं काढून टाका, त्याने घाम येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक एमएच-३९ वाला

ता. क. : आपण पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं. आपला हेडलाइट फारच जोरदार आहे. मागचा दिवा लागत नाही.