मातीवाले

घरात मासे पाळणाऱ्यांच्या दोन जाती असतात. पहिली जात टाकीच्या तळाला निळ्या-गुलाबी गारगोट्या घालते, मधोमध जबडा उघडमीट करणारी प्लॅस्टिकची मगर ठेवते आणि दर रविवारी सगळं पाणी उपसून टाकी घासूनपुसून लख्ख करते. दुसरी जात तळाला चक्क बागेतली माती घालते, तिच्यात झाडं लावते आणि मग पाणी कधी बदलायचं यावर वर्षभर बोलते. आमच्या ठाण्याच्या सोसायटीतले मातीवाले या दुसऱ्या जातीचे. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण पोरं त्यांना 'मातीवाले काका' म्हणतात आणि आता कुरिअरवालाही खाली उभा राहून त्याच नावाने विचारतो.

मातीवाले लांबून ओळखू येतात. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली आणि खिशात पेनाच्या जागी लांब चिमटा. नोकरी विमा कंपनीत, क्लेम तपासण्याची. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या जळालेल्या गोदामांकडे आणि बुडालेल्या मालाकडे संशयाने पाहण्यात गेली. निवृत्तीनंतर तो संशय काचेच्या दोन फुटी टाकीवर स्थिरावला. 'काका, पाणी पिवळट दिसतंय, बदला की,' असं कुणी म्हटलं की ते चष्मा वर सरकवून विचारतात, "कशावरून?" पुढचा माणूस तिथेच निम्मा गार होतो.

या जातीचा धर्मग्रंथ १९९९ साली अमेरिकेत निघाला. डायना वॉल्स्टॅड या बाईंनी पाणवनस्पतींच्या टाकीवर पुस्तक लिहिलं. मत असं की, तळाला इंचभर साधी माती घाला, तिच्यावर इंचभर बारीक खडी पसरा आणि झाडं अशी दाटीने लावा की तीच फिल्टरचं काम करतील. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन माशांना घातक, तिसरं बरंच सोसतं. झाडं मात्र एवढी वाट पाहत बसत नाहीत, ती अमोनियाच आधी उचलतात. तेव्हा झाडं जोमात असतील तर पाणी महिनोन्‌महिने बदलायची गरज नाही. मातीवाल्यांनी यातलं शेवटचं वाक्य आधी वाचलं आणि बाकीचं पुस्तक त्याच्या समर्थनार्थ.

आता माती कुठली घ्यायची? नर्सरीतली पोतं त्यांनी हुंगून नापास केली. शेणखत घातलेली माती पाण्यात गेली की अमोनियाचा नुसता लोट सुटतो, आणि कोकोपीट असेल तर ते तरंगत वर येतं. शेवटी कुठल्याशा बागेतली बिनखताची माती मिळाली. ती काकूंच्या पिठाच्या चाळणीतून चाळून झाली. मग भिजवायची, गच्चीवर वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, म्हणजे तिच्यातलं कुजणारं सगळं आधीच कुजून जातं. तिसऱ्या वाळवणीला सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की गच्ची पापडांसाठी असून शेतीसाठी नाही. मातीवाल्यांनी ती शांतपणे वाचली आणि सुट्टीत गावी, रत्नागिरीकडे जाऊन जांभ्याची पिशवीभर भुकटी घेऊन आले. लोहाने भरलेली ही लाल माती टाकीच्या तळाला घालायची पद्धत ऐंशीच्या दशकात जर्मन शौकिनांनी रूढ केली होती. "आपण हिच्या चिऱ्यांची कुंपणं बांधत बसलो," ते एस.टी.तून उतरता उतरता म्हणाले, "आणि तिकडे जर्मनांनी ही पाकिटात घालून विकली!"

पाणी न बदलण्याचं व्रत घेतलेला हा माणूस पहिले सहा आठवडे दिवसाआड पाणी बदलत होता. त्याला इलाज नसतो. पाण्याखाली गेलेली नवी माती सुरुवातीला अमोनिया सोडते, झाडांची मुळं अजून धरलेली नसतात आणि जिवाणूंची वस्ती बसायची असते. त्यातून मातीतलं टॅनिन उतरून पाणी कोऱ्या चहासारखं होतं. चहाने माशांचं काही बिघडत नाही, अमोनियाने बिघडतं, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रोज सकाळी परीक्षा. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले मोजून थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि नळी पांढऱ्या कार्डावरच्या रंगांशी लावून पाहायची. पिवळं म्हणजे निर्धास्त. हिरवं म्हणजे बादली काढा.

अडचण अशी की पिवळा संपून हिरवा कुठे सुरू होतो याबद्दल मातीवाल्यांच्या मनात कायम संभ्रम.

"अगं, जरा बाल्कनीत ये. हा पिवळाच ना?"

"पिवळा कुठला? पोपटी आहे चांगला."

"पोपटी कार्डावर नाहीये."

"कार्डावर नसेल. तुमच्या नळीत आहे."

साड्यांच्या दुकानात अर्धं आयुष्य घालवलेल्या डोळ्यांपुढे विमा खात्याचं काही चालत नाही. मातीवाले मुकाट्याने नळीचं एक टोक टाकीत सोडत, दुसरं तोंडाने ओढत, नेमका एक घोट पोटात जाई आणि तिसरा हिस्सा पाणी बादलीत उतरे. मासे अजून आलेच नव्हते. एवढा सगळा उपद्व्याप रिकाम्या टाकीच्या तब्येतीसाठी चालला होता.

सहा आठवड्यांनी रंग सलग पिवळा राहू लागला, मुळांनी माती पकडली, वॅलिसनेरियाच्या पट्ट्या पाण्याच्या वर येऊन आडव्या झाल्या. मग क्रॉफर्ड मार्केटातून गप्पी आले. प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून, लोकलच्या गर्दीत 'जिवंत आहेत हो, जिवंत आहेत' असं ओरडत मातीवाले ठाण्याला उतरले, आणि त्या दिवसापासून व्रत खऱ्या अर्थाने सुरू झालं.

काही न करण्यात इतके कष्ट असतात हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. सकाळी उठून पृष्ठभागावर तवंग आहे का ते बघायचं. मासे वर येऊन तोंड मारतायत का ते बघायचं. काडीने माती हलकेच टोचायची. बुडबुडे आले आणि कुजक्या अंड्याचा वास आला नाही तर ठीक. वास आलाच तर खाली हवा पोचत नाहीये, मग मातीत शिरणाऱ्या मलेशियन गोगलगायींची भरती करायची. पान पिवळं पडलं की ते जुनं आहे की नवं, याची चौकशी. हे सगळं एका वहीत. शेवटचा रकाना 'कृती' असा आहे आणि त्यात वळणदार अक्षरात रोज 'निरंक'.

दुपारी टाकीचे दिवे बंद असतात. वॉल्स्टॅडबाईंनी तेही सांगून ठेवलंय. सकाळच्या उजेडात झाडं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतात, मग तीन-चार तास अंधार केला की मातीतल्या कुजण्यातून तो पुन्हा साठतो. त्यामुळे जेवणानंतर मातीवाले आणि त्यांची टाकी एकाच वेळी वामकुक्षी घेतात आणि त्या काळात बेल वाजवणाऱ्याला 'झाडं झोपलीयत' असं सांगितलं जातं.

त्यांचा कट्टर विरोधक चौथ्या मजल्यावर राहतो. तो आय.टी.तला मुलगा अमानोपंथी आहे. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हा जपानी छायाचित्रकार, ज्याने टाकीत डोंगरदऱ्या आणि कुरणं उभी केली. या पंथात कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं, मोजून खत लागतं आणि दर आठवड्याला पाणी बदलावंच लागतं, कारण खत घालत राहायचं आणि काढायचं नाही असं चालत नाही.

"काका, पाणी बदललं की पानांवर कसे मोत्यांसारखे बुडबुडे येतात, बघा एकदा!"

"नळाच्या पाण्यात दाबाने विरघळलेली हवा असते, ती पानावर जमते. त्यात झाडाचं कर्तृत्व काय?"

"पण निम्मं पाणी बदललं तर बिघडणारे काय?"

इथे मातीवाले खुर्ची पुढे ओढतात. वर्ष-वर्ष न बदललेलं पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं. त्यात अमोनिया साठला तरी तो बिनविषारी अमोनियमच्या रूपात पडून राहतो. त्यावर एकदम निम्मी बादली अल्कधर्मी पाणी ओतलं की त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. मासे पाणी बदललं म्हणून मरतात, आणि मालक म्हणतो, बघा, वेळेवर बदललं नाही म्हणून मेले. "क्लेम कागदोपत्री अगदी बरोबर," मातीवाले म्हणतात, "फक्त कारण उलटं."

एवढ्या युक्तिवादापुढे मुलगा हरतो, काकू हरत नाहीत. एकदा मातीवाले सांगत होते की पाणी उडून जातं तेवढी वरून भर घातली की झालं. काकू आतून म्हणाल्या, "आमटी आटली की त्यात मिठाचं पाणी घालायचं, पुन्हा आटवायची, पुन्हा मिठाचं पाणी. खाल का?" मातीवाले गप्प झाले. मुद्दा बिनतोड होता. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात, आणि नळाची प्रत्येक भर थोडे आणखी आणते. पाणी जड होत जातं. मे महिन्यात सोसायटीत बोअरचा टँकर आला की लवकरच. नुसती भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे पुस्तकात होतं. काकूंनी ते न वाचता सांगितलं, हे जास्त लागलं.

त्यांनी टीडीएस मीटर आणला. क्षार चढतील तसे आकडे लिहायचे आणि ठरावीक मर्यादेला, पुराव्यानिशी, चतुर्थांश पाणी बदलायचं असा ठराव झाला. एप्रिल गेला, मे गेला. आकडा जागचा हलेना. नायट्रेटची नळी तांबूस व्हायला तयार नाही. काचेवर आखलेल्या खुणेपासून पाणी केसभरही खाली जाईना. चौथ्या मजल्यावरचा मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही जिंकलात." दुसऱ्या कुणीही सत्यनारायण घातला असता. मातीवाले वही घेऊन बसले. मे महिन्यात, ठाण्याच्या उकाड्यात, पाणी उडत नाही? इतकी स्वच्छ फाइल त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि जी पाहिली होती ती प्रत्येक बनावट निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते सोफ्यामागे बसून राहिले. पुढचं काकूंनीच आम्हाला सांगितलं, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकू आल्या, टाकीचं झाकण सरकवलं, तांब्या बुडवून भरला आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घातला. मग पिंपातलं रात्रभर उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी घेऊन टाकी बरोबर खुणेपर्यंत भरली.

"अगं, हे काय?"

"कढीपत्त्याला पाणी. तुमच्या माशांच्या पाण्यावर काय फुटतो म्हणून सांगू!"

"रोज?"

"मासे आणल्यापासून. बिल्डिंगला कढीपत्ता कुठून जातो वाटलं तुम्हाला?"

मातीवाल्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. टाकीत पाणी ६० लिटर. तांब्या लिटरभराचा. महिन्याला ३० लिटर, म्हणजे निम्म्या टाकीएवढं पाणी, आणि तेही इतकं थोडंथोडं की ना माशांना हिसका बसला, ना क्रिप्टोकोरिनचं एक पान वितळलं. जे झाड पाण्यातल्या जराशा बदलाने रातोरात गळून पडतं म्हणून ख्यातनाम आहे, ते खुशाल वाढत होतं. 'कृती : निरंक' या सगळ्या नोंदी खोट्या ठरल्या होत्या आणि क्लेम मात्र मंजूर झाला होता.

सामान्य माणूस यावर खजील झाला असता. मातीवाले त्या शनिवारी क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानासमोर, सभोवार चार पोरं जमवून उभे होते. "पाणी कधी बदलायचं हा प्रश्नच चुकीचा," ते सांगत होते. "माती नवी असताना चाचणी सांगेल तेव्हा, भरपूर. एकदा झाडांनी पकड घेतली की रोज थोडं, न कळेल इतकं. मी याला अखंड अल्पपालट म्हणतो. वर्षभर प्रयोग केलाय."

एका पोराने वही काढली. "काका, रोज किती लिटर?"

मातीवाले जरा थांबले. मग गर्दीकडे पाठ करून त्यांनी घरी फोन लावला आणि हळूच विचारलं, "अगं, तो तांब्या काठोकाठ भरतेस की गळ्यापर्यंत?"