निवृत्त फोनची फेरनेमणूक

काच तडकल्याच्या सबबीवर बडतर्फ होऊन कर्जतच्या आमच्या घरी जुन्या चाव्यांच्या डब्यात पडलेल्या फोनला भाच्याने परवा चार चाकांच्या गाड्यावर रबरबँडाने बांधून मेंदूच्या हुद्द्यावर बहाल केले. आणि कॅमेरा, होकायंत्र, तोल ओळखण्याची शक्ती ही इंद्रिये त्याच्या ठायी मूळचीच असल्याने, व २०१३ साली इंग्लंडातील सरे विद्यापीठाच्या उपग्रहात बसून नेक्सस वन हा त्याचा जातभाई श्रीहरिकोट्याहून अंतराळात रुजू झालेला असल्याने, आम्हीही हरकत घेतली नाही. खालापूरला आत्याबाईंच्या ओसरीवर मात्र हे महाशय उंबरठ्याशी अडले आणि कर्जतला आगगाडी घाटासाठी मागच्या बँकर इंजिनाची वाट पाहते तद्वत जागीच तिष्ठत राहिले. पडद्यावर उमटले : जागा शिल्लक नाही.

“कचेरीतला दिसतोय,” आत्याबाई म्हणाल्या.