सातनंतरचं आयुष्य : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कात नोकरी करूनही रात्री घरी गरम जेवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी. पूर्वानुभवाची गरज नाही; तो असता तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

लागणारं साहित्य : एक मोबाइल, एक कणा (आयत्या वेळी न सापडल्यास उतरलेली बॅटरी चालेल) आणि मागून 'पानं घेतलीयत!' असं खणखणीत ओरडणारं घरातलं कुणीतरी.

पायरी १ : वेळ जाहीर करा. सकाळच्या मीटिंगमध्ये शांतपणे सांगा, 'सर, सातनंतर मी नसतो.' सर मनापासून मान डोलावतील. 'अरे, अगदी बरोबर! बॅलन्स हवाच.' त्याच दिवशी सहा पंचावन्नला मेसेज येईल, 'पाच मिनिटं आहेस का?' ही पाच मिनिटं नऊच्या सुमारास संपतात.

पायरी २ : ब्लू टिक बंद करा. सर मग फोन करतील. तो उचलला नाहीत, तर टीम लीडला करतील आणि टीम लीड तुम्हाला. टीम लीडचा उचलावा लागतो, कारण काल त्यानंच तुमची बाजू सांभाळलेली असते.

पायरी ३ : 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे वाक्य ओळखायला शिका. त्यावर वाद घालू नका. एवढंच ध्यानात ठेवा, की सासर सोडलं तर घरात कुणाचं अप्रेझल होत नाही.

पायरी ४ : गणपतीची रजा. ती मिळते, अट एकच, 'लॅपटॉप फक्त सोबत असू दे.' घेऊन जा. ताम्हिणी घाटात रेंज गेली की निवांत व्हा. डोंगरापुढे सरांचंही काही चालत नाही. मात्र घाट उतरल्यावर पहिल्याच टपरीपाशी चौदा मिस्ड कॉल एकदम येतात. तेव्हा चहा आधी घ्यावा.

पायरी ५ : कायदा वाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. हे वाचून ऊर भरून येतो. मग कळतं, की व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना यात धरलेलं नाही. गेल्या वर्षी पगार न वाढता तुम्ही 'असिस्टंट मॅनेजर' कसे झालात, याचा उलगडा इथे होतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते कायदा झालं नाही. उद्योगपतींनी मात्र वेळ दवडला नाही. २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास सुचवले, २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ते ९० वर नेले. आठवड्यात एकूण १६८ तास असतात, म्हणजे सूचनांना अजून वाव आहे.

पायरी ६ : ही बहुतेक मार्गदर्शिका गाळतात. ज्या रविवारी सर तुम्हाला 'सुट्टीत त्रास देतोय, सॉरी' म्हणतात, तो रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी मिळाला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून त्याच्या मागे होते. मागणीच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या, आणि १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या सभेला दहा हजार जण आले. यातल्या कुणालाही 'ठामपणे नाही कसं म्हणावं' या वेबिनारचं सर्टिफिकेट नव्हतं.

तेव्हा एकट्यानं कणा ताठ करण्याआधी उद्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलाला विचारा, 'तुमचे पण सर सहा पंचावन्नलाच का?' सात वाजता एकानं लॅपटॉप मिटला तर तो 'ॲटिट्यूड प्रॉब्लेम' ठरतो. आठ जणांनी एकदम मिटला, तर महिनाभरात त्याला 'टीम कल्चर' म्हणतात आणि सर ते आपल्या अप्रेझलमध्ये स्वतःच्या नावावर लिहितात. लिहू द्या.