डोक्याचं तेल

इंजिनचं ऑइल कुणीही बदलतं. त्यात प्रतिष्ठा नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलायला मात्र अभ्यास लागतो, आणि माझा तो झालेला होता. गाडी २००७ सालची. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत तिचं पुन्हा पासिंग करून, वर पर्यावरण कर भरून मी तिचं म्हातारपण कायदेशीर करून घेतलं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याहून जुनं आता फक्त मी आणि पाण्याची टाकी.

“पण ऑटोमॅटिक आहे ना?” वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले. “मग तेल आपोआप बदलत नाही?”

अशी संधी वारंवार येत नाही. मी त्यांना जिन्यातच उभं केलं. सांगितलं, की हिच्यात क्लचप्लेटांचे अख्खे संच तेलात बुडालेले असतात आणि तुमचा डावा पाय जे काम करतो ते इथं तेलाचा दाब करतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, तो दुसऱ्यावर तेल मारतो, की दुसरा फिरायला लागतो. म्हणजे सिग्नल सुटल्यावर माझी गाडी पुढे सरकते ती निव्वळ तेलाच्या जोरावर. जनरल मोटर्सनं १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला आणि दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसवला. माझ्या गाडीला पूर्वी ‘लेडीज गाडी’ म्हणणाऱ्यांत हे गृहस्थ होते, म्हणून ‘रणगाडे’ हा शब्द मी दोनदा उच्चारला.

या तेलाची खरी अडचण पुढेच आहे. ते निसरडं हवं, नाहीतर गिअर आणि बेअरिंगं झिजतील. पण फार निसरडंही नको, नाहीतर क्लचप्लेटा एकमेकींना धरणारच नाहीत. थोडं घसरू द्यायचं आणि नेमक्या क्षणी घट्ट पकडू द्यायचं. सोसायटीचा मुरलेला सेक्रेटरी सर्वसाधारण सभेत नेमकं हेच करतो. रसायनशास्त्रात हे ज्याला पहिल्यांदा नीट जमलं, तो होता देवमासा.

इथं मॅनेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, पण देवमाशापर्यंत आलेल्या माणसाला मी सोडत नसतो. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं डोकं म्हणजे तेलाचा हौद. हे तेल तापलं तरी टिकतं आणि प्लेटांना थरथरू देत नाही, म्हणून अमेरिकेत गिअरबॉक्सच्या तेलात ते मिसळत. समुद्राच्या तळाशी बुडी मारणारा तो अवाढव्य प्राणी मारायचा, कशासाठी? तर डेट्रॉइटच्या साहेबाला दुसऱ्याचा तिसरा पडताना झटका लागू नये म्हणून! १९७० च्या सुमारास अमेरिकेनं देवमाशाच्या तेलावर बंदी आणली आणि मोठमोठ्या कंपन्यांचे केमिस्ट पर्याय शोधत बसले. तेव्हा काहींची नजर गेली वाळवंटातल्या एका झुडपाकडे. जोजोबा. आपल्याकडे राजस्थानातही ते लावलं गेलंय. त्याच्या बियांतलं तेल रासायनिकदृष्ट्या देवमाशाच्या तेलाचं जवळचं भावंड. आज ते शाम्पूत असतं. आमच्याही न्हाणीघरात आहे; पण माझ्या डोक्यावर जे उरलंय त्यावर ते खर्च करणं ही उधळपट्टी आहे, असं बायकोचं मत. देवमाशाच्या डोक्यातून निघून गिअरबॉक्समार्गे तिच्या डोक्यापर्यंत पोचलेल्या या तेलाची परंपरा तिला सांगितल्यापासून ती बाटली कपाटात ठेवते.

मेकॅनिकला मात्र परंपरेत रस नव्हता. “काका, चालतीय ना गाडी? मग हात कशाला लावायचा? जुना गिअरबॉक्स हाय, नवं तेल टाकलं की बसतो.”

ही भीती अगदीच खोटी नाही. गिअर घसरायला लागल्यावरच लोकांना तेलाची आठवण होते. मरायला टेकलेला गिअरबॉक्स मग मरतो आणि खापर फुटतं नव्या तेलावर. पण मला राग आला तो त्या वाक्याचा. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी हेच वाक्य नातेवाइकांकडून ऐकलं होतं. “दिसतंय ना थोडंफार? मग आता या वयात कशाला डोळ्याला हात लावायचा?” थोडंफार म्हणजे काय, तर ती पेपर चाळायची आणि बातम्या आम्हाला विचारायची. वय झालं की माणसाच्या वाट्याला ‘थोडंफार’च यावं, हे कुणी ठरवलं? आम्ही ऑपरेशन केलं. पट्टी निघाल्यावर तिनं आधी स्वयंपाकघराच्या टाइल्स पाहिल्या आणि “हे कोण पुसतं?” म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. “अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?”

मेकॅनिकला यातलं काही सांगितलं नाही. “बदला,” एवढंच म्हणालो.

गाडी रॅम्पवर चढली, बोल्ट सुटला. नवं असताना हे तेल लालभडक असतं. तसा रंगच घालतात, म्हणजे गळती लागली तर कुठलं तेल गळतंय ते कळावं. आमचं निघालं काढ्यासारखं. चेंबर उतरवलं. आतल्या लोहचुंबकावर करडा, मऊ लगदा बसला होता. मी तो बोटांत चोळून पाहिला. लगदा म्हणजे रीतसर झीज. धातूचे तुकडे निघाले असते तर काळजी होती. “चांगलाय,” मेकॅनिक म्हणाला. माझा रक्ताचा रिपोर्ट आल्यावर मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

गंमत अशी, की बोल्ट सोडून सगळं तेल निघतच नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. एका खेपेला चाळीस टक्के निघालं असं धरा, तर जुनं उरतं साठ टक्के. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदललं की छत्तीस, तिसऱ्यांदा बावीसच्या आसपास. जुनं पूर्ण कधीच जात नाही. म्हाताऱ्या गिअरबॉक्सला हे हळूहळूच मानवतं, आणि मलाही; माझ्या मतांपैकी चाळीस टक्के एकदम बदललेली घरात कुणाला आठवत नाहीत.

त्या रविवारी मॅनेजरसाहेबांना शेजारी बसवून चांदणी चौकाचा चढ घेतला.

“हा दुसरा पडला... आणि हा तिसरा. कळलं?”

“नाही.”

“तेच तर! कळता कामाच नये!”

ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “एसी मात्र छान आहे हो तुमचा.”

एसीच्या कॉम्प्रेसरमध्येही तेल असतं आणि ते अगदी वेगळं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घर अजून बरंच लांब होतं.