माननीय पन्नास टक्के साहेबांस, निवृत्तीनिमित्त

माननीय पन्नास टक्के साहेब,


२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून सरकारनं कोरोनाचे निर्बंध उठवले आणि आपल्याला सेवेतून मोकळं केलं. ना निरोप समारंभ, ना शाल-श्रीफळ. सोलापूरकरांच्या मनाला हे लागलं. चादर-टॉवेल देऊन सत्कार केल्याशिवाय आम्ही पाहुण्याला स्टेशनवर सोडत नाही. पण आपल्याला चादर पूर्ण द्यावी की अर्धी, यावरच आमच्या कट्ट्यावर वाद अडला आणि सत्कार राहून गेला. म्हणून हे उशिराचं पत्र.

थेटरात आपलं पहिलं दर्शन ५ नोव्हेंबर २०२० चं. साडेसात महिन्यांची धूळ झटकून थेटरं निम्म्या क्षमतेनं उघडली आणि एक खुर्ची माणसाला, एक फुलीला अशी आपण वाटणी केली. एकाच स्कूटरवर चिकटून आलेलं जोडपं आपण आत फुलीच्या अलीकडे-पलीकडे बसवलं. घरी जाताना पुन्हा स्कूटर होतीच. आत खाण्याला बंदी. चिरमुऱ्यांच्या पुडीशिवाय पिक्चर बघायचा म्हणजे आमच्या गावात आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखं. तरी आम्ही गेलो. दारं बंद, खिडक्या नाहीत, वर गार हवेचं यंत्र तीच हवा फिरवतंय, आणि मध्ये आपण. कोंदट जागेत हा रोग हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगेपर्यंत २०२१ उजाडलं. आमच्या आजीनं आदल्या मार्चमध्येच सांगितलं होतं, “अंगणात बसा की रे, घरात कशाला कोंबून घेताय?” पण आजीचं परिपत्रक निघत नाही.

अंगणावरून आठवलं. २०२१ च्या संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा मोजक्या मानकऱ्यांत उरकली. सात नंदीध्वज शहरभर अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना अख्खं गाव उभं राहतं, ते त्या वर्षी नाही. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली नाही. ना आकाशपाळणा, ना मौत का कुआँ. संक्रांतीला होम मैदान एवढं मोठं आहे हे आमच्या पिढीनं पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या पाच रिकामटेकड्यांना कल्पना सुचली. गणपतीत पूर्वी रस्त्यावर पांढरं कापड ताणून पिक्चर दाखवायचे. उशिरा येणारे कापडाच्या मागच्या अंगाला बसायचे आणि हिरोला डावखुरा बघायचे. तसाच पडदा मोकळ्या मैदानात लावायचा. जर्मनीत २०२० मध्ये लोक मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा बघत होते, हे आम्ही मोबाइलवर पाहिलं होतं. मोटारी आमच्याकडे नाहीत. चादरी आहेत. २००५ पासून भौगोलिक मानांकन मिळालेल्या. साधारण पाच फूट बाय साडेसात फूट. एका चादरीवर एक घर, मध्ये एक चादर जागा रिकामी, आणि कुणी हललं तर दुसऱ्याच्या चादरीवरच्या मोरावर पाय पडतो, म्हणजे लगेच कळणार. सामाजिक अंतराचं इतकं स्वस्त माप देशात दुसरीकडे निघालं नसेल. पडद्यालाही चादरच लावू, असं एकानं सुचवलं, पण अमिताभच्या तोंडावर कमळाची नक्षी येईल म्हणून ते रद्द केलं.

अर्ज केला. कुठल्या टेबलावर, ते सांगत नाही. टेबलावरचे भले गृहस्थ होते. त्यांनी नकाशा पाहिला, चादरी मोजल्या, कौतुकही केलं आणि म्हणाले, “बंदिस्त हॉल असता तर पन्नास टक्के देता आलं असतं. मैदानाला क्षमताच नसते, तर निम्मं कशाचं करू?”

साहेब, या उत्तराला आम्ही निरुत्तर झालो. आकाशाची बैठकव्यवस्था कुणी मोजली आहे! आम्ही चादरींच्या घड्या घातल्या.

आणि मग एप्रिल आला. १३ एप्रिल २०२१ चा ‘ब्रेक द चेन’चा आदेश आम्ही दोनदा वाचला. थेटरं बंद, नाटक बंद, जत्रा बंद. पण पंढरपूर-मंगळवेढ्यात १७ तारखेला पोटनिवडणूक होती. राजकीय सभांसाठी बंद जागेत दोनशे माणसं किंवा क्षमतेच्या निम्मी, जो आकडा कमी असेल तो. आणि मोकळ्या जागेत? मोकळ्या जागेत क्षमतेच्या ५० टक्के! म्हणजे मैदानाला क्षमता असते तर! माणूस मतदार म्हणून उभा राहिला की ती उगवते, प्रेक्षक म्हणून बसला की मावळते. आपल्या कर्तबगारीला आम्ही मनोमन कोपरापासून हात जोडले.

पोटनिवडणुकीची ती जागा रिकामी झाली होती आमदार भारत भालके यांच्या निधनानं, नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनानंतरच्या गुंतागुंतीतून. ज्या रोगानं माणूस नेला, त्याच रोगाच्या दुसऱ्या लाटेत त्याच्या जागेसाठी सभा भरल्या. इथे विनोद सुचत नाही, पुढे जातो.

त्याच पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट आहे. याहून मोकळं नाट्यगृह कुणी बांधलेलं नाही. भारूड, कीर्तन, टाळ-मृदंग, वर छत नाही, तिकीट नाही. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी होती. वारकऱ्यांनी ते सोसलं, कुरकुर केली नाही. तेव्हा रोगाची कुणालाच नीट ओळख नव्हती, म्हणून त्याबद्दल आमचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या चैत्राची.

कारण चैत्र म्हणजे तमाशाच्या फडांची सुगी. गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या, त्या भरवशावर कलावंतांना दिलेली उचल, त्या उचलीसाठी फडमालकानं काढलेलं कर्ज. २०२० चा चैत्र गेला, २०२१ चाही गेला. मोडनिंबच्या कलाकेंद्रांतली ढोलकी गप्प. तमाशाच्या कनातीला पक्की भिंत नसते, वरून तारे दिसतात, वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून जातो. आपल्या सगळ्या अटी ज्या जागेनं न सांगता पाळल्या असत्या, तिथेच आपण त्या चैत्रांत फिरकला नाहीत. फुली मारायला खुर्चीच नाही म्हणून असेल. निम्मे प्रेक्षक ही तमाशाला नवलाई नव्हती. पाऊस आला की तेवढेच उरतात. शून्य मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मुंबईचं बरं असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे बीकेसीत मॉलच्या छतावर मोटारीत बसून बघायचं थेटर सुरू झालं. उघड्या आकाशाखाली, काचा वर करून. आमच्या कट्ट्यावर ठराव झाला की लुनावर तिघं बसून आलेल्यांनाही तिथे प्रवेश द्यावा. ठराव अजून कुणी वाचलेला नाही.

शंभरावं नाट्य संमेलनही आपल्या काळात अडकलं. मार्च २०२० मध्ये सांगलीत पडदा उघडायचा होता. तो पिंपरी-चिंचवडला उघडला जानेवारी २०२४ मध्ये. अध्यक्ष आमचे जब्बार पटेल, पंढरपूरचा जन्म, सोलापुरात वाढलेले. चार वर्षं नियोजित अध्यक्ष राहण्याचा मान दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. त्यांचं पद तेवढं आपण पन्नास टक्के केलं नाहीत, आभारी आहोत.

असो. गड्डा पुन्हा भरतो. एकदा सवडीनं या. आकाशपाळण्यात बसा, चिरमुरे खा, गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांतल्या शिव्या ऐका. आपल्याला ओळखणारं तिथे कुणी भेटायचं नाही. आमची गल्ली मैदानाच्या कडेला चादर टाकून बसलेली असते. हिरवी, मोराची. सरकून जागा करू.

आपला,
अर्जदार क्रमांक १ (चादरींसह)

ता. क. – आमचा अर्ज ‘विचाराधीन’ आहे, असं मागल्या खेपेला सांगितलं. मैदानाची क्षमता कळली असल्यास उलट टपाली कळवावी. पडदा धुऊन ठेवला आहे.